आईच्या खोलीचं दार

मँचेस्टरहून सुट्टीवर ठाण्याला आले की माझे पहिले दोन दिवस बँकेच्या कामांत जातात. या खेपेला ते आईची खोली लावण्यात गेले.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर तिची रिक्षा उलटली. हाताचं हाड सांधलं, पण धास्ती गेली नाही. कुठे करकचून ब्रेक लागला की ती अजून थरथरते. डॉक्टरांनी ईएमडीआर ही मानसोपचाराची पद्धत सुचवली, आणि थेरपिस्टकडे जायचं तर त्याच रस्त्याने! म्हणून सेशन घरूनच, व्हिडिओ कॉलवर.

फ्रान्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ पासून ही पद्धत घडवली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आघातावरच्या उपचारांत तिची शिफारस केली. त्रास देणारी आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे सरकणाऱ्या ठिपक्यामागे डोळे फिरवायचे. मनाला दोन्ही एकदम पेलत नाही, म्हणून आठवणीची धार बोथट होते, असं एक स्पष्टीकरण आहे. मामाने यूट्यूबवरचा ठिपक्याचा व्हिडिओ पाठवला होता. तो आईला लावू दिला नाही. उसळून आलेलं सांभाळायला समोर जाणकार माणूस हवं.

लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवला, पण डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खालीच, नाहीतर प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला आई मान वर करते. पाठीमागच्या खिडकीमुळे चेहरा काळा दिसत होता आणि थेरपिस्टना तर डोळेच दिसायला हवेत, खुर्ची फिरवली. स्क्रीन शेअर केल्यावर ठिपका अडखळत होता. त्यांनी वेगळी लिंक पाठवली, तिच्यात तो आईच्याच ब्राउझरमध्ये चालतो, अगदी सरळ. हेडफोन वायरचा घेतला, ऐन वेळी चार्जिंग संपायला नको. राउटरला छोटा यूपीएस लावला. तरीही कॉल तुटलाच, तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीने हलकं थोपटायचं आणि फोनची वाट बघायची, हे थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत शिकवून ठेवलं. घरचा पत्ता आणि शेजारच्या काकूंचा नंबरही त्यांनी तेव्हाच लिहून घेतला.

लांबून आईचा लॅपटॉप चालवता यावा म्हणून मी त्यात एक ॲप टाकलं होतं. थेरपिस्टनी शांतपणे विचारलं, "सेशनच्या वेळी हे बंद असेल ना?" मला लागलं ते. मी थोडीच ऐकणार होते! पण रात्री विचार केला: लेक ऐकू शकते एवढं माहीत असलं, तरी आई काय बोलेल आणि काय गिळेल? सकाळी ॲप काढून टाकलं. दाराला आतून कडी बसवली, बेल बंद करायला तिला शिकवलं, बाबांना त्या तासाला खाली बागेत जायला सांगितलं. ते निमूट जातात.

आता दर गुरुवारी ठाण्यात साडेपाच वाजतात, तेव्हा इथे मँचेस्टरला दुपारचा एक असतो. मी फोन पालथा ठेवून जेवते. नंतर तिचा फोन येतो, भाजीचं, पाण्याचं बोलते. मी सेशनचं विचारत नाही.

मागच्या गुरुवारी तिनेच सांगितलं, "अगं, काल कोपऱ्यापर्यंत जाऊन कोथिंबीर आणली. रस्ता नाही ओलांडला. पण गाड्या जात होत्या, तिथे थोडा वेळ उभी राहिले."