आपटा की कांचन?

आज सकाळी सातवीच्या मुलांना वेताळ टेकडीवर नेलं. शाळेच्या आवारातलं कांचनाचं पान सोबत घेतलं होतं. ते आपट्याच्या पानाशेजारी ठेवलं. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. मोजपट्टी लावून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे दसऱ्याला आमच्या घरी कांचनच वाटतात!" मग काय, प्रत्येकाला पान मोजायचं होतं. (दसऱ्याला या झाडांच्या फांद्या ओरबाडतात ना, जीव तुटतो अगदी.)

वर्गात एरवी गप्प बसणारा एकजण सालईपाशी थांबला होता. कागदासारखी सुटणारी तिची साल तो बोटांनी नुसती चाचपत होता. वही बंदच. मी हाक मारली नाही. बस दहा मिनिटं उशिरा निघाली.