सहलीचा वृत्तांत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असे शाळेचे पत्र आले आणि बाई आठवल्या. आमच्या काळातल्या कुणालाही 'मराठीच्या बाई' एवढे म्हटले की पुरते. शाळेने मला पुष्कळ दिले, पण लिहायला बसलो की बाईंशिवाय दुसरे काही सुचत नाही.

लहानपणीच्या पोलिओने माझे दोन्ही पाय गेले. कॅलिपर (पायांना बांधायचे आधार) आणि कुबड्या घेऊनच मी पाचवीत आलो. पी.टी.च्या तासाला सगळा वर्ग मैदानावर जायचा, मी बाकावर. मग बाई शाळेच्या हस्तलिखित अंकाचे कागद घेऊन यायच्या आणि समास आखायचे काम माझ्यापुढे ठेवायच्या. 'बिचारा' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

नववीत सहल रायगडला गेली. तेव्हा रोपवे नव्हता आणि पायऱ्या दीड हजारांच्या घरात. मी जायचे नाही, हे घरीच ठरले. सहल परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात सांगितले, "यंदाचा वृत्तांत हा लिहील." मुले बघतच राहिली. बाई मला म्हणाल्या, "गेलेल्यांना वाटतं, सगळ्यांना सगळं ठाऊकच आहे. तुला विचारावं लागेल."

मग मी विचारत सुटलो. वाटेत ताक कितीला मिळाले? टकमक टोकावर वारा कुठून येत होता? पायऱ्यांना कठडा होता का? (हा प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नसता.) प्रत्येकाचा रायगड निराळा निघाला. एकाला फक्त पिठलं-भाकरी आठवत होती. हिरकणी बुरुजावरून खाली बघून एकीला रडू आले होते, ते तिने घरीसुद्धा सांगितले नव्हते. एकाने जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवरची अक्षरे वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून आणली होती : 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी…'. गड बांधणाऱ्याने आपले नाव पायरीवर कोरून घेतले, हे मला त्या पुठ्ठ्यावरून कळले.

पहिल्या खर्ड्यातले 'निसर्गरम्य' आणि 'अविस्मरणीय' बाईंनी लाल शाईने खोडले. "कुणी काय पाहिलं, तेवढं लिही." शेवटी मी माझ्या पायांवर एक परिच्छेद जोडला होता, तोही खोडला. "त्याबद्दल लिहायचं तेव्हा लिहिशील. हा रायगडाचा वृत्तांत आहे." वृत्तांत परिपाठाला वाचला गेला. त्या दिवसापासून वर्गातली मुले मला काही सांगायची असली की मुद्दाम बाकापाशी येऊन बसू लागली. मी कशासाठी आहे, ते मला त्या बाकावर समजले.

आज मी जिल्ह्याच्या दैनिकात दिव्यांगांविषयी सदर लिहितो. पद्धत बाईंचीच : जाऊन विचारायचे आणि ज्याने जे भोगले तेवढे लिहायचे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. त्यात थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आला, हे मी लिहिले. ते वाचून एक आई मुलाला घेऊन आली. इतकी वर्षे मुलाला रक्त चढवत होती, पण दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तो अर्ज आम्ही माझ्या ओट्यावर बसून भरला. मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या पायांवर लिहिले : रोग गेला, आम्ही अजून आहोत. तो लेख वाचायला बाई हव्या होत्या.

हस्तलिखित बंद झाल्याचे ऐकून फार वाईट वाटले. आता रंगीत छापील अंक निघतो आणि त्यात फोटोच जास्त असतात. छपाई देखणी आहे, पण समास आखताना शेजारी बसून मिळायचे ते त्यातून कसे मिळणार? बाईंच्या नावाने हस्तलिखित पुन्हा सुरू करावे, अशी मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. कागद आणि शाईचा खर्च माझ्याकडे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येऊन बसेन. माझा वर्ग जिना चढून वर होता. आता खाली रॅम्प झाला आहे, म्हणून तळमजल्यावरची एखादी खोली मिळावी. आणि सहलीला जाता न आलेले कुणी असेल, तर त्याला आधी माझ्याकडे पाठवावे.