समुद्राकडची खोली

विकाऊ घरांच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे. घर घ्यायचं नसलं की त्या वाचायला जास्तच मजा येते. त्यातही इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या काही घरांपाशी मी हमखास रेंगाळतो. ‘पूर्वी कुटुंबाने चालवलेलं हॉटेल, आता खाजगी घर’ असं खाली लिहिलेलं असतं. पण ते लिहायची गरजच नसते. घराच्या मानाने जिना फार रुंद. प्रत्येक निजायच्या खोलीत कोपऱ्यात एक बेसिन. दारं जाडजूड, सोडली की आपली आपण मिटणारी. बाथरूम तर इतक्या, की सकाळी कुणी कुणाच्या नावाने ओरडण्याचा प्रश्नच नाही.

या घरांचा मूळ पुरुष म्हणजे एक डॉक्टर. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. गाठींच्या विकारावर समुद्रात डुंबावं आणि समुद्राचं पाणी प्यावंही, असं त्यांचं म्हणणं. पिणारे प्याले. ब्रायटन या कोळ्यांच्या गावात श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. मग आगगाडी आली. लंडनहून ब्रायटनला १८४१ मध्ये, वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला १८४६ मध्ये. १८७१ च्या कायद्याने बँकांना सुट्ट्या मिळाल्या आणि त्यांच्या मागोमाग इतरांनाही. रोगी मागे पडले, धडधाकट माणसं हवा खायला येऊ लागली. लँकशरमधल्या कापडगिरण्यांच्या गावांत तर वर्षातून एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदमच बंद होत आणि निम्मं गाव ब्लॅकपूलला लोटे. वर्षभर जिच्याशी अबोला धरला, ती शेजारीण इथे नाश्त्याला समोरच्याच टेबलावर!

एवढ्या माणसांना उतरवायचं कुठे? बड्या हॉटेलांत त्यांना परवडणारं नव्हतं. मग एखादी विधवा, एखादं निवृत्त जोडपं, कुणी बहिणी-बहिणी, आपलंच घर उघडून बसले. सुरुवातीची पद्धत मोठी गमतीची होती. पाहुण्याने आपला शिधा आपणच आणायचा, मालकिणीने तो शिजवून द्यायचा आणि खोलीचं भाडं घ्यायचं. शिजवण्यात कमाई ती काय होणार? म्हणून बिलात टेबलावरच्या मीठ-मिरीच्या बरण्यांचे वेगळे पैसे लागत. या मालकिणींवर पुढे विनोदांचा पाऊस पडला: नाश्ता झाला की पाहुण्यांना बाहेर काढणाऱ्या, पायपुसण्यावर पहारा देणाऱ्या. मला मात्र हसणाऱ्यांपेक्षा त्या मालकिणीच जवळच्या वाटतात, कारण त्या स्वतः झोपत कुठे, हे कुणी विचारत नसे.

झोपत स्वयंपाकघरात, तळघरात नाहीतर माळ्यावर. हंगाम सुरू झाला की घरच्यांनी आपापल्या खोल्या सोडायच्या. समुद्र दिसणाऱ्या खोलीचं भाडं जास्त, तेव्हा ती तर पाहुण्यांचीच. घरातली मुलं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढायची. पण ऐन उन्हाळ्यात त्यांच्या खिडकीतून दिसायच्या त्या मागच्या परसातल्या वाळत घातलेल्या चादरी. वर त्या चादरी दोरीवरून काढून घड्या घालायचं कामही त्यांचंच. हिवाळ्यात मोठ्या खोल्या रिकाम्या होत, तेव्हा समोरचा समुद्र बघायला मिळे खरा, पण गारठलेल्या खोलीत बसून बघणार कोण?

भरभराटीचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. पगारी सुट्टीचा कायदा १९३८ सालीच झाला होता, पण लगेच लढाई पेटली. सुट्टीचा लाभ लोकांनी मनसोक्त घेतला तो लढाईनंतर. आणि नेमकं तेव्हाच, १९५० मध्ये, व्लादिमिर राइट्झ नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमधली माणसं विमानात भरून सुट्टीला कॉर्सिका या भूमध्य समुद्रातल्या बेटावर नेली. तिथे ऊन पक्कं होतं. इंग्लंडमधल्या किनाऱ्याला ते कधीच जमलेलं नाही.

१९७१ च्या अग्निसुरक्षा कायद्याने उरलेल्या हॉटेलवाल्यांच्या खिशाला हात घातला. जाहिरातीतली ती जड दारं बहुधा तेव्हाची. मग पाहुण्यांना खोलीतच बाथरूम हवं झालं. खोलीचा एक कोपरा कापून ते बसवायचं, त्यासाठी कर्ज काढायचं, आणि कर्ज फिटेस्तोवर गिऱ्हाईक स्पेनला गेलेलं. दोन-तीन पिढ्या तगलेली हॉटेलं अशी एकेक करून मिटली.

पण पाटी उतरवली म्हणजे हॉटेलचं घर होतं असं नाही. तिथल्या नियोजन-कायद्यात हॉटेल वेगळ्या वर्गात, राहतं घर वेगळ्या. बदल करायचा तर स्थानिक परिषदेची परवानगी लागते, आणि किनाऱ्यावरच्या अनेक परिषदा हॉटेलं सहजासहजी हातची जाऊ देत नाहीत. धंदा चालत नाही हे काही वर्षांचे हिशेब मांडून दाखवा, विकायला काढून बघितलंत का ते सांगा, अशा मागण्या असतात. जन्मभर ‘आमच्याकडे जागा नाही’ असं अभिमानाने सांगितलेल्या घराण्याला आता आपल्याकडे कुणी फिरकत नाही, हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. आजीच्या काळात जे घरच होतं, त्याला घर म्हणायची परवानगी नातवाने मागायची!

ती मिळाली की मात्र नातवाने पहिल्यांदा समुद्राकडची खोली घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. आणि ती ऑगस्टमध्ये त्याच्याकडे राहीलच याची खात्री नाही, कारण समुद्रकिनारी एवढ्या खोल्यांचं घर असलेल्या माणसाला मावसभावंडं, मित्र आणि मित्रांची मुलं कमी पडत नाहीत. पाहुणे तेवढेच. फक्त मीठ-मिरीचे पैसे लावायची सोय गेली.