इंजिन ऑइलमध्ये पाणी? हेड (इंजिनचं वरचं झाकण) खोलायची घाई नको
आज चोपड्याकडच्या केळीच्या शेतावरचा जुना ट्रॅक्टर पाहिला. ऑइल मोजायच्या गेज काडीला चहासारखं दुधाळ ऑइल. अशा वेळी इंजिन चालू करूच नका, बेअरिंगं जातात. रात्रभर उभा ठेवा, सकाळी ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. पाणी जड, आधी तेच येतं. मग इंजिनखालचं ऑइल चेंबर उतरवा, रेडिएटरला टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा द्या, खाली कोरडा पुठ्ठा टाका आणि टॉर्च लावून खालून वर इंजिनात बघत राहा. तासभर लागला तरी चालेल. लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) बाहेरून थेंब आला तर तिच्या खालच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) गेल्या. आतून, पिस्टनच्या कडेने आला तर लायनरला भोक किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं. आणि भाऊ, रेडिएटरमध्ये विहिरीचं क्षारांचं जड पाणी नको, कूलंटच टाका!