आशाचा फॉर्म आणि आमच्या गावाचा खटला

आमच्या भागातल्या भारतीय पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका चित्रपुस्तकाच्या पानाचा फोटो आला. जेवणाचं टेबल, एक लहान मुलगी आणि तिच्या दोन आई. खाली लिहिलेलं, ‘बघा, बालवाडीत हे शिकवायला लागलेत.’ दुपारपर्यंत ग्रुप पेटला. रात्री तोच फोटो सांगलीहून माझ्या जाऊबाईंनी पाठवला. ‘हे तुमच्याच गावचं ना गं? पोरीकडे लक्ष असू दे.’

हो, आमच्याच गावचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातलं सरे. म्हणूनच लिहायला बसले, कारण हे भांडण इथे एकदा पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलंय आणि ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ताच नाही.

१९९७ साली इथल्या एका बालवाडीच्या शिक्षकाला ‘कुटुंब’ हा विषय शिकवताना तीन चित्रपुस्तकं वापरायची होती. तिन्हींत दोन आई किंवा दोन बाबा असलेली घरं होती. सरेच्या शाळा मंडळाने परवानगी नाकारली. कारणं तीच, आजची: काही पालकांच्या धर्मात हे बसत नाही, आणि एवढी लहान मुलं गोंधळून जातील. २० डिसेंबर २००२ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी सात न्यायमूर्तींनी मंडळाचा तो निर्णय रद्द केला. तेव्हा कॅनडात समलिंगी विवाहाचा देशव्यापी कायदासुद्धा नव्हता, तो २००५ मध्ये आला.

त्या तिघांतलं एक पुस्तक, १९९० साली टोरांटोत निघालेलं ‘आशाज मम्स’, मी माझ्या मुलीला वाचून दाखवलं. आशाच्या वर्गाची सायन्स सेंटरला सहल जायची असते. तिच्या परवानगीच्या फॉर्मवर दोन्ही आयांची नावं असतात. बाई म्हणतात, दोन आई कशा असतील, फॉर्म नीट भरून आण. पोरगी रडकुंडीला येते. सहल चुकणार, आणि तीही तिचा काही दोष नसताना. मग दोघी आई शाळेत येऊन बाईंशी बोलतात. संपली गोष्ट. यात शेजघर नाही, कुणाला काही पटवून देणं नाही. दुसऱ्या पुस्तकात, ‘बेलिंडाज बुके’मध्ये, विषय आहे जाड मुलीला चिडवण्याचा. तिच्या मित्राच्या दोन आई त्यात फक्त घरात आहेत, आपण आपल्या घरात असतो तशा. माझ्या मुलीने आशाबद्दल एकच प्रश्न विचारला, तिची वेणी कोणती आई घालते?

निकाल लिहिणाऱ्या सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅकलॅक्लिन यांचा एक परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचलाय. त्या म्हणतात, घरी सांगितलेलं एक आणि शाळेत दिसणारं दुसरं, हा अनुभव मुलं रोजच घेतात. घरच्या धर्मामुळे किंवा तत्त्वामुळे जे आपल्याला चालत नाही ते शेजारचं मूल डब्यात आणून खात असतं. हे वाचताना वाटलं, बाईंनी आमच्याच घरात डोकावून लिहिलंय! आमच्याकडे मांसाहार नाही. मुलीच्या बाजूला बसणारी मैत्रीण हॅम सँडविच खाते. आम्ही काय सांगतो? ‘ते त्यांच्या घरी खातात, आपण खात नाही, आणि तिच्या डब्याला नाक मुरडायचं नाही.’ ग्रुपवरच्या प्रत्येक शाकाहारी आईने हे वाक्य आपल्या मुलाला म्हटलेलं आहे आणि एकही मूल त्यामुळे गोंधळलेलं नाही. मग तेवढीच समज आशाच्या घराबद्दल दाखवताना त्याच मुलाचं वय का आडवं येतं?

मला खरा राग येतो तो इथे. दिवाळीत शाळेत पणत्या लागाव्यात म्हणून आम्हीच मुख्याध्यापकांना भेटलो होतो. वाचनालयात आपल्या सणांची, आपल्या रंगाची मुलं असलेली पुस्तकं हवीत असं आम्हीच म्हणतो, आणि ती येतातही. त्याच कपाटातलं दुसऱ्याचं पुस्तक काढा म्हणायला आमची जीभ कशी रेटते? सप्टेंबर २०२३ मध्ये शाळांतल्या अशा शिक्षणाविरुद्ध कॅनडाभर मोर्चे निघाले, तेव्हा आमच्या ओळखीचे बरेच जण त्यात होते. ती चांगली माणसं आहेत. त्यांना आपलं मूल हातातून निसटेल याची भीती वाटते, आणि परदेशात ती भीती मलाही आहे.

एक मैत्रीण ग्रुपवर आमची बाजू घ्यायला म्हणून म्हणाली, कृष्णालाही दोन आई होत्याच की. मला तो दाखला नको. देवकी आणि यशोदा एका घरात जोडीने नांदत नव्हत्या. आशाच्या आया नांदतात, आणि ते तसंच सांगायला हवं.

इथलं सगळंच सोन्याचं नाही. निकालानंतर २००३ मध्ये मंडळाने व्याकरणासारखी कारणं काढून ती तीन पुस्तकं पुन्हा नाकारली आणि वेगळी दोन मंजूर केली. शेजारच्या अमेरिकेत तर जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरिलंडमधल्या पालकांना अशा पुस्तकांच्या वेळी मुलांना वर्गाबाहेर नेण्याची मुभा दिली. ज्याच्या घराचं चित्र त्या पुस्तकात आहे, त्या मुलाने बाकीची उठून जाताना बघत बसायचं, हे मला सहन होत नाही.

आणि आपल्याकडे काहीच हललेलं नाही, असंही कुणी मला सांगू नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणणारा महाराष्ट्र हा माझा महाराष्ट्र आहे. एका मुलीच्या दुसऱ्या मुलीवरच्या प्रेमाचं नाटक, ‘मित्राची गोष्ट’, विजय तेंडुलकरांनी १९८१ सालीच लिहिलं. पण पुण्यात माझी एक मैत्रीण आणि तिची जोडीदार मिळून एक मुलगा वाढवतात. दत्तकाच्या कागदावर एकीचंच नाव आहे, कारण लग्न न झालेल्या जोडप्याला मिळून दत्तक घेता येत नाही आणि त्यांना लग्न करता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समलिंगी विवाहावरच्या २०२३ च्या निकालातही हे तसंच राहिलं. दुसरी आई रात्र रात्र त्याच्या उशाशी बसते, त्याला पोहायला शिकवते, आणि शाळेच्या फाटकावर मावशी होते. तिची सही चालत नाही. जाऊबाई, मी मुलीला इथे वाढवतेय त्याची एरवी मी शंभर कारणं देत असते. त्यातलं एक हे आहे, की इथे त्या दोघींना एकाच फॉर्मवर सही करता आली असती.

तो मुलगा आता पाच वर्षांचा आहे, मराठी माध्यमात जातो आणि त्याला गोष्टींचं वेड आहे. त्याला इंग्रजी पुस्तक पाठवण्यात मला राम वाटत नाही. वाचणाऱ्यांत कुणी मुलांसाठी लिहिणारं, चित्रं काढणारं असेल तर मला कळवा. त्याच्या घरासारखं घर असलेली साधी मराठी गोष्ट हवी आहे, सहलीची, पावसाची, मांजराची, कसलीही. छपाईचा खर्च मी करीन.