मुलाखतीतला तो प्रश्न

गेल्या महिन्यात महापेला मुलाखत दिली. अकाउंट्सचं काम, माझा अनुभव १४ वर्षांचा. जीएसटीवर दहा मिनिटं छान बोलणं झालं आणि मग, "मुलगी लहान आहे ना? मार्च एंडिंगला उशीर झाला तर?" माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला हे विचारलं नव्हतं, घणसोलीपर्यंत आम्ही एकाच रिक्षाने आलो, तेव्हा कळलं. दोन दिवसांनी नकार. कारण दिलं नाही.

१९७६चा समान वेतन कायदा पगारापुरताच, असं मीही समजत होते. त्याचं कलम ५ भरतीतही बाई म्हणून डावलायला मनाई करत होतं; २०२५मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या २०१९च्या वेतन संहितेतही ते आहे. पण कारणच दिलेलं नसेल, तर सिद्ध काय करायचं? मला याचा फार राग येतो.

तरी कायदा निरुपयोगी म्हणवत नाही. लेकीच्या वेळी मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीमुळे २६ आठवडे पगारी रजा मिळाली. त्या काळात नोकरीवरून काढायला बंदी आहे, हे ठाऊक असल्याने शांत झोप लागायची.

काल ऐरोलीत पुन्हा तोच प्रश्न आला. "हे सगळ्यांना विचारता का?" मी विचारलं. समोरचे गप्प झाले. घरी येऊन तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवलेत.