शेडची शाकारणी: आढ्यापर्यंत पोचलो

सांगाडा आणि भिंतींचं मागेच लिहून झालंय, आता छप्पर, तेही डांबरी शिंगलचं. शेड आठ बाय दहा फुटांची, पुण्यात सहकारनगरात आमच्या बंगल्याच्या मागे, आंब्याखाली. दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू, दोन फुटांना एक फूट उतार. वळचण दोन्हीकडे नऊ-नऊ इंच बाहेर काढल्यामुळे शाकारायचं क्षेत्र ११७ चौरस फुटांच्या आसपास गेलं. तीन चौरस मीटरचा एक गठ्ठा, असे पाच गठ्ठे आणले. चारांत ओढूनताणून बसलं असतं, पण वळचणीची पट्टी आणि आढं (दोन पाखी मिळतात तो माथा) याला वेगळा माल लागतो.

"पत्रा टाकला असतास तर एव्हाना मोकळा झाला असतास," असं शेजारच्या काकू कुंपणावरून रोज सांगतात. खरं आहे. पण या शेडमध्ये मला सुतारकाम करायचंय, आणि जुलैत पत्र्याखाली स्वतःचा हातोडाही ऐकू येत नाही. मंगळुरी कौलं मला शिंगलपेक्षा जास्त आवडतात. मात्र शिंगल चौरस मीटरला साधारण दहा किलो भरतं आणि कौलं त्याच्या कैक पट. माझ्या वाशांना ते झेपलं नसतं.

ज्यांनी शिंगल जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काचतंतूंच्या जाळीला डांबर आणि त्यावर दगडाची बारीक कच, असा सुमारे मीटरभर लांबीचा तुकडा, खालच्या कडेला खाचा पाडून जिभा सोडलेला. लोणावळा-मुळशीकडच्या फार्महाऊसांवर असतं तेच. वासे चढवायला मदतीला आलेल्या मिस्त्रींनी एक तुकडा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे रबरी कौलच की. खालून वर शाकारत जायचं, पाण्याला आत शिरायला फट ठेवायची नाही. बाकी काय असतं त्यात?" माझा महिन्याभराचा अभ्यास दोन वाक्यांत गुंडाळला.

खाली १२ मिमीचा आयएस ७१० (पाण्याला टिकणारा मरीन) प्लाय, भवानी पेठेतून. इथे काटकसर नको. साधा प्लाय दमट हवेत फुगला की वरच्या ओळी लाटा मारतात. दोन शीटमध्ये तीन मिमी फट सोडली, मध्ये खिळा उभा धरून. मग डांबरी फेल्ट (डांबर मुरवलेलं जाड अस्तर), तेही वळचणीकडून वर.

कडेच्या पत्र्याची गंमत इथेच सांगतो. वळचणीला पत्रा आधी आणि फेल्ट त्याच्यावर; तिरक्या कडांना फेल्ट आधी आणि पत्रा त्याच्यावर. वळचणीला फेल्टवरून आलेलं पाणी पत्र्यावर उतरून बाहेर पडायला हवं, आणि बाजूने वाऱ्याने मारलेलं पाणी फेल्टखाली शिरता कामा नये. पत्रा फॅब्रिकेटरकडून वाकवून आणला.

पहिली ओळ लावण्याआधी एक पट्टी लागते. शिंगलच्या खालच्या जिभा कापून टाकायच्या आणि उरलेला भाग डांबराची चिकट रेघ वळचणीकडे येईल असा ठोकायचा. ती नसेल तर पहिल्या ओळीतल्या दोन जिभांमधल्या खाचेखाली नुसतं फेल्ट उघडं राहतं. शिवाय वारा पहिली धडक तिथेच देतो, त्यामुळे ती ओळ खालून चिकटलेली हवीच. पट्टीचा पहिला तुकडा आखूड केला, म्हणजे तिचे सांधे वरच्या ओळीच्या सांध्यांखाली येत नाहीत. कड पत्र्याच्या जेमतेम सेंटिमीटरभर पुढे. पुढे प्रत्येक ओळ सहा इंच सरकवायची. फेल्टवर सूत मारून घेतलं होतं. आंब्याच्या फांद्यांमधून डोळ्यांवर विसंबलो असतो तर ओळी कात्रजच्या दिशेने गेल्या असत्या.

सगळा जीव आहे खिळ्यांत. बोहरी आळीत छपराचे खिळे मागितले की पत्र्याचे वायसरवाले पुढे करतात. ते नकोत. रुंद सपाट डोक्याचे, गॅल्व्हनाइज्ड, सव्वा इंची हवेत. तुकड्याला चार, चिकट रेघेच्या खाली आणि खाचेच्या जरा वर, म्हणजे पुढची ओळ त्यांना झाकते. पश्चिमेच्या कडेला मी सहा-सहा मारले, पावसाळी वारा तिकडूनच येतो. डोकं कचेला टेकलं की हात थांबवायचा. जास्त ठोकलं तर डोकं शिंगल फाडून आत जातं, कमी ठोकलं तर ते वरच्या शिंगलला उचलून धरतं. शेडमध्ये उभं राहिलं की छतातून खिळ्यांची टोकं खाली डोकावताना दिसतात. ती दिसायलाच हवीत, फक्त उंच माणसांनी जपून.

मेच्या उन्हाचा एक फायदा: चिकट रेघ आपोआप वितळून वरच्या ओळीला धरते. तोटा असा की दुपारी माल इतका मऊ होतो की बुटाखाली कच निघते. म्हणून काम सकाळी नऊपर्यंतच. कापायचं नेहमी मागच्या बाजूने. पुढून कापलं तर दगडाची कच पात्याची धार खाऊन टाकते.

एक पाख पूर्ण आणि दुसरीवर नुसतं फेल्ट, अशा अवस्थेत वळीव आला, गारांसकट. आतून दोन्हीकडे प्लाय कोरडा. वळचणीखाली ठेवलेल्या बादलीत तळाला काळी कच जमली होती, ते नव्या मालाचं सुटं भुसकट, त्याची काळजी नको.

आढ्याला जिभा सुट्या कापून पाठीवर वाकवून बसवायच्या. आढं पूर्व-पश्चिम आहे, म्हणून पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. शेवटच्या तुकड्याचे खिळे उघडे राहतात, त्यांवर डांबरी सीलंटचा ठिपका.

आता आढ्याच्या दोन्ही टोकांखालच्या भिंतींच्या त्रिकोणांत गरम हवा बाहेर जायला जाळी बसवायची आहे, आणि पन्हळ. तिचा पाइप आंब्याच्या आळ्यात सोडायचा की पिंपात, यावर घरात अजून एकमत नाही.